हुमणीचा नकाशा

कुरुंदवाडकडच्या शिवारात औंदा उसाची मुळं खाणारी हुमणी कुठं लागणार, हे हंबीररावांना विचारल्याशिवाय कुणी उसाची लागण करत नव्हतं. साखर कारखान्याचा चिटबॉय म्हणून तीस वर्षं बांधाबांधानं ऊस नोंदत हिंडलेला माणूस. वळीव झाला की सांजेला बाभळी हलवायच्या, खाली पडलेले हुमणीचे भुंगेरे मोजायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. "माळाकडनं जपा," एवढं ते बोलले की विषय संपला. रिटायर झाले तरी चहाच्या टपरीवर त्यांच्यासाठी बाकडं मोकळं व्हायचं. माणसाला आणखी काय लागतं हो!

आणि मग गावातल्या गुंडूची पोरगी स्नेहल शिकून आली. माती, पाऊस, उष्णता आणि आजवर हुमणी सापडलेली ठिकाणं, सगळं कॉम्प्युटरात घालायचं. मग कीड कुठं पसरेल ते नकाशावर तांबडं होऊन दिसतं म्हणे. टपरीवरची माणसं मोबाईलवर तेच बघायला लागली. एकदा त्यातल्याच विश्वजितनं तो हंबीररावांच्या तोंडापुढंच धरला. "बघा की, माळ तांबडा दाखवतोय!"

हंबीररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, हेच तर मी सांगत आलोय! उन्हातान्हात टाचा मी झिजवल्या, आणि कौतुक खुर्चीत बसलेल्या पोरीचं?

तीच पोर एक दिवस दारात आली. "काका, तुमच्याइतक्या जुन्या नोंदी कुणाकडंच न्हाईत. ठिकाणं सांगता का?"

दुसरा कुणी असता तर विरघळला असता. यांना वाटलं, आता ही आपलं बाकडंबी घेणार. त्यांनी वीस ठिकाणं सांगितली. त्यातली सात साफ खोटी. नदीकाठची काळी रानं, जिथं पुराचं पाणी आठ-आठ दिवस तुंबतं आणि हुमणीची अळी बुडून मरते. नकाशा एकदा तोंडावर आपटला की येतील सगळे झक मारत परत. दोन महिने हंबीरराव मनातल्या मनात खूश होते.

सोसायटीच्या हॉलात बैठक भरली. स्नेहलनं पडद्यावर नकाशा दाखवला, आणि नदीकाठ हिरवागार! हंबीरराव चरकले.

"काकांची तेरा ठिकाणं सोन्यासारखी निघाली," स्नेहल म्हणाली. "सात मात्र मातीपाण्याशी जुळंनात. जाऊन बघितलं, तर तिथं पुराचं पाणी साचतंय. म्हणून ती वगळली. वय झालंय काकांचं, विसरायला होतंच की."

ती मायेनंच बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या गणपतरावांनी तर पाठीवर हात ठेवला. "असू दे हंबीरराव. माझं बी आताशा असंच होतंय."

गप्प बसले असते तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण ती कीव काही त्यांना सोसवेना. हात झटकून ते ताडकन उठले.

"कोण विसरतंय? पुरात हुमणी जगत न्हाई, हे मला कळत न्हाई व्हय? मुद्दाम खोटी सांगितली ती रानं! हिचा नकाशा चुकावा म्हणून!"

मागनं विश्वजितचा आवाज आला, अगदी साधा.

"मग काका, इतकी वर्षं आम्हाला सांगितलेलं तरी खरं हुतं का?"

खरं होतं. शब्द न् शब्द खरा होता. हंबीरराव तसं सांगायलाही लागले, पण माणसं उठून चपला शोधत होती.