दोन ओळींचा भूल-सुधार

वर्तमानपत्र वाचणारे लोक देशात पुष्कळ असतील, पण ते तपासून मगच घरात घेणारा माणूस एकच आहे आणि दुर्दैवाने तो माझा घरमालक आहे. दुर्दैवाने अशासाठी, की मी वरच्या मजल्यावर राहते, जिना त्यांच्या ओसरीतून जातो आणि सकाळी बँकेत जायच्या घाईत मला रोज कुठल्या ना कुठल्या बातमीचा पंच व्हावं लागतं. साताऱ्याहून बदली होऊन जबलपुरात आले, तेव्हा तिथल्या रांझी भागात मराठी माणसाकडे खोली मिळाली म्हणून मी खूश होते. पहिल्याच दिवशी सामान उतरवताना घरमालक काकांनी विचारलं, "पेपर कोणता लावणार?" मी म्हटलं, मी बातम्या मोबाइलवरच बघते. काका आत वळून काकूंना म्हणाले, "पोरगी चांगली दिसते, पण माल न तपासता घेते."

काकांची सगळी नोकरी इथल्या कारखान्यात तोफगोळे तपासण्यात गेली. गोळे बनवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे, आणि काका तपासणाऱ्यांतले. त्यांच्या हातात माप तपासायचं एक गेज असे. त्याला दोन टोकं. एक टोक गोळ्याच्या भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर माल नापास, दुसरं गेलं तरीही नापास. निवृत्तीनंतर गेज कारखान्यात राहिलं, सवय घरी आली. काकांनी बड्या फुहाऱ्याजवळच्या बाजारात जाऊन तीन रबरी शिक्के करून घेतले: पास, नापास आणि दुरुस्तीला परत. तेव्हापासून घरी येणाऱ्या तिन्ही पेपरांतल्या प्रत्येक बातमीवर एकेक शिक्का उमटतो. पास झालेली पानं काकू स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरतात, नापास पानांनी खिडक्यांच्या काचा पुसतात. घरातल्या काचा अतिशय स्वच्छ आहेत. रद्दीवाला मात्र दर महिन्याला कुरकुरतो, "बाबूजी, सब पे मोहर लगी है, कोई सरकारी कागज समझ लेगा."

बातमीच्या गेजलाही दोन टोकं आहेत. "कोणी सांगितलं?" हे टोक आत गेलं पाहिजे. "कोणाला बरं वाटावं म्हणून?" हे जाता कामा नये. एका पुढाऱ्याच्या सभेला हजारोंची गर्दी उसळली, अशी बातमी आली तेव्हा काका सदर बाजारात गेले आणि मंडपवाल्याला शोधून काढून विचारलं, "भैया, कुर्सियाँ कितनी भेजी थीं?" तो म्हणाला तीनशे, त्यातल्या चाळीस तशाच गाडीत राहिल्या. काकांनी घरी येऊन नापासचा शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला. टीव्हीवरच्या बातम्या ते बघतच नाहीत. माल इतक्या वेगाने येतो, म्हणतात, की उचलून बघेपर्यंत पुढचा येऊन आदळतो. नातेवाइकांच्या तीन व्हॉट्सॲप गटांतून त्यांना काढून टाकलं आहे, कारण सुप्रभातच्या खाली आलेल्या प्रत्येक मजकुराला त्यांचं एकच उत्तर जाई, "कोणी सांगितलं?" एका भाचीने तर स्वतःचं लग्न ठरल्याचं कळवलं होतं.

हे सगळं मी हसून सोडून देत असे. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. पेपर हातात आला की काका पहिलं पान बघत नसत. आतलं एक पान उघडून उजव्या कोपऱ्यातला खालचा चौकोन बघायचे, जिथे कधीमधी "भूल-सुधार" या मथळ्याखाली पेपर आपली चूक कबूल करतो. तिथे बघून झालं की त्यांचा चेहरा थोडा उतरायचा आणि मग ते शिक्के काढायचे. त्या चौकोनाच्या कात्रणांची त्यांच्याकडे एक वही होती. तिच्या पहिल्या पानावर काहीच चिकटवलेलं नव्हतं. मी काकूंना विचारलं. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "ते पान माळीभाऊजींचं आहे."

माळी म्हणजे काकांचे जिवलग मित्र. कारखान्याच्या भांडारात पितळेच्या मालावर त्यांची नेमणूक होती. दोघे मिळून एकच पेपर घेत. एक मोठ्याने वाचायचा, दुसरा भांडायचा. तेरा-चौदा वर्षांपूर्वी एके दिवशी त्याच पेपरात दोन ओळींची बातमी आली, "फैक्ट्री के गेट पर पीतल के साथ माली पकड़ाया।" पकडला गेला होता बागेत काम करणारा एक माणूस, खताच्या टोपलीत पितळेचे तुकडे घेऊन जाताना. हिंदीत बागकाम करणारा तो माली. पण ळ नसलेल्या या गावात आमचे माळीही मालीच होते, मालीबाबू, आणि पितळही त्यांच्याच ताब्यात. गावाने दोन आणि दोन जोडले. कारखान्यात खरं काय ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, पण पेपर कारखान्यापेक्षा लांब जातो. बसमध्ये कोणीतरी हसून विचारलं, "मालीबाबू, डब्बे में क्या है?" दुसऱ्या दिवसापासून माळींनी डबा न्यायचं सोडलं. ते पोळीभाजी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ लागले, कोणालाही दिसेल अशी. काकू हे सांगताना वाटाणे सोलायच्या थांबल्या होत्या.

काका पेपरच्या कचेरीत गेले. संपादक सज्जन होते, चहा मागवला आणि म्हणाले, "अंकल जी, गलती क्या है? माली लिखा, माली ही पकड़ाया।" बातमी अक्षरशः खरी होती. काकांनी ल आणि ळ यांतला फरक समजावला. मग अर्धा तास सगळं संपादकीय खातं जिभा उलट्या करून ळ काढायचा प्रयत्न करत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडून ड निघत होता. शेवटी संपादक म्हणाले की हे अक्षर आमच्याकडे लागतच नाही, आणि भूलच नाही तर सुधार कशाचा करू? काका दर वर्षी जात राहिले. संपादक बदलले, चहा तोच राहिला. मराठीत बागेतल्या माळ्यालाही माळीच म्हणतात, तेव्हा ळ असून तरी काय फरक पडणार होता, असं मी एकदा बोलून गेले. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माळींनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि ते मुलाकडे अमरावतीला निघून गेले. स्टेशनवर काकांनी विचारलं, "छापून आलं तं येशील वापस?" माळी म्हणाले, "छापून आलं तं येईन." एवढ्या बोलण्यावर काका इतकी वर्षं तो कोपरा उघडून बघत होते. फोनवर दोघे बोलायचे, पण तब्येतीचं आणि हवेचं. पेपर मोठ्याने वाचायचा तर समोर भांडणारा लागतो. काकूंनी एकदा चिडून म्हटलं, "काहून त्याच पेपराच्या मागे लागून राहिले? बंद करा तो." काका म्हणाले, "आपल्या गल्लीत गढूळ पाणी येत होतं, ते कोणी छापलं होतं? छापलं म्हणून पाइप बदलले. वाईट माणूस नाही तो पेपर. त्याची एक चूक माझ्याकडे बाकी आहे."

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळात चर्चा ठेवली होती, वृत्तपत्रांवर अंकुश हवा का? एक निवृत्त प्राध्यापक फार पोटतिडकीने बोलले. सरकारने एक कडक समिती नेमावी, खोटं छापलं की परवाना रद्द, म्हणजे हे लोक ताळ्यावर येतील. टाळ्या पडल्या आणि सगळ्यांनी काकांकडे बघितलं, कारण अंकुशाची गरज त्यांच्याइतकी कोणाला असणार? काका उठले. "सर, स्वतःचा माल स्वतःच पास करणारा मले चालत नाही, म्हणून पेपरवाले स्वतःच स्वतःले पास करून राहिले तेही मंजूर नाही. पण तुम्ही तपासायले कोणाले बसवून राहिले? ज्याच्यावर गोळा पडणार त्याले. तो म्हणंल, आतली बारूद काढा, मग पास." लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या मित्राची अब्रू गेली. तेव्हा असा कायदा असता तर तो पेपर दुसऱ्या दिवशी बंद झाला असता." काका अजून उभेच होते. हळू आवाजात म्हणाले, "मग भूल-सुधार कोणत्या पेपरात आला असता? मले पेपर बंद नाही पाहिजे. मले दोन ओळी पाहिजे." आणि खाली बसले. एरवी अशा वेळी मी कोपरखळी मारते. त्या दिवशी मला रडू येत होतं.

त्या गर्दीत त्याच पेपरात नव्याने लागलेली एक मुलगी होती. आई मराठी, वडील इथलेच. दोन दिवसांनी ती घरी आली आणि म्हणाली, "काका, मला समजतं सगळं, बोलता नाही येत ठीक से. आप दो लाइन लिख दीजिए, मैं पूछती हूँ." काकांनी दोन ओळी लिहायला अख्खा दिवस घेतला. मी त्या मोबाइलवर उतरवून तिला पाठवल्या, ळ सकट: त्या बातमीतल्या माली या शब्दाचा अर्थ बागेत काम करणारा माली, भांडार विभागाचे श्री माळी नव्हेत. आठवडाभराने, ऐन थंडीत, सकाळी खालून काकूंची हाक आली. मी तशीच ओल्या केसांनी धावले. काकांनी पेपर माझ्यापुढे धरला. चौकोनात छापलं होतं:

"भूल-सुधार: पूर्व में प्रकाशित एक समाचार में माळी से आशय माळी से था, श्री माळी से नहीं। भूल के लिए खेद है।"

मी दोनदा वाचलं. तेवढ्यात ती मुलगी स्कूटीवरून आली, चेहरा पडलेला. कोपऱ्यात जागा कमी होती म्हणून कोणीतरी ओळ कापली होती, आणि तिने स्वतः, ळ राहून जाऊ नये या काळजीपोटी, कॉम्प्युटरवर माली चा माळी करायला लावला होता, तो सगळीकडे झाला. "सॉरी काका. कल फिर से सही करके छाप देंगे." काकांनी भिंग घेऊन तो चौकोन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितला. आयुष्यभरात त्यांनी एवढा वाकडा माल पास केला नसेल. मग हात शिक्क्यांच्या डब्याकडे गेला. आधी त्यांनी "दुरुस्तीला परत" उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. "दुरुस्तीले आता वेळ नाही बेटा," म्हणाले. "माळी माझ्याहून दोन वर्षं मोठा आहे." आणि पासचा शिक्का मारला, नेहमीसारखा जोरात नाही, अगदी हलक्या हाताने.

मग अमरावतीला फोन लावला. माळींना कमी ऐकू येतं, त्यामुळे काकांनी तो दोन ओळींचा भूल-सुधार गल्लीला ऐकू जाईल असा चार वेळा वाचला. मग माळींचा आवाज फोनमधून बाहेर आम्हालाही ऐकू आला, "अरे, माळी म्हणजे माळी, माळी नाही. मग मी कोण?" काका म्हणाले, "तू श्री. बाकीचे नुसते माळी, तू श्री माळी. छापून आलं आहे." तिकडे माळी हसायला लागले, इकडे काका, आणि दोघांचं हसणं इतका वेळ चाललं की काकूंनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी काका म्हणाले, "ये आता." माळी म्हणाले, "थंडी सरू दे. गुडघे धरतात. थंडी सरली की येतो."

कात्रण वहीच्या पहिल्या पानावर चिकटलं. काका आता तो कोपरा उघडत नाहीत. रोज सकाळी ते गाड्यांच्या वेळा आणि उशिरा धावणाऱ्या गाड्यांची यादी छापलेलं पान उघडतात. थंडी सरून महिना झाला. ओसरीत एक खुर्ची वाढली आहे, तिच्यावर मी चुकून पर्स ठेवली तरी काकू उचलून माझ्या हातात देतात. माळींचा फोन येतो, गुडघ्यांचं सांगतात, पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात. काल मी जिना उतरताना विचारलं, "काका, आज काय विशेष?" त्यांनी पेपरची घडी केली, शिक्का न मारता. "अमरावतीची गाडी वेळेवर आहे म्हणते पेपर. खरं का खोटं, स्टेशनवर पाहून येतो," म्हणाले आणि टोपी घालून बसस्टॉपकडे निघाले.