माहेरच्या मातीतली गोम

"मामी, आई गेली." फोनवर भाचा एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असं कसं? अजून जंगलातली गोम सापडायची आहे ना!" बोलले आणि माझीच मला लाज वाटली. पण तो बिचारा रडता रडता म्हणाला, "हो मामी, कालपर्यंत तेच बोलत होती."

कुंदाताई माझ्या मोठ्या नणंद. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लोक निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात, ताईंनी माती उकरायला घेतली. सिहोऱ्याला आमच्याकडे, म्हणजे त्यांच्या माहेरी यायच्या, तेव्हा पिशवीत साडी एक आणि काचेच्या डब्या ढीगभर. मी त्यांना म्हणायचे, "ताई, लोक माहेराहून लोणचं नेतात, तुम्ही किडे नेता." त्यावर त्या खो खो हसायच्या. हसणं असं की शेजारच्या घरची म्हातारी विचारायची, "कुंदा आली वाटते?"

ती गोम पहिल्यांदा सापडली ती आमच्याच सांदवाडीत. घरामागच्या त्या तुकड्यात मी कोचई, म्हणजे अळू, लावते. एका पावसाळ्यात खणताना कंदाखालून पिवळसर दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत निघालं. मी किंचाळून चप्पल उचलली. कानात गोम जाते म्हणतात, लहानपणापासून तेच ऐकत आलेलो आपण! ताई पदर खोचून धावत आल्या. "थांब! मारशीन तर याद राख! हे घोण नोहे वं, मातीतली गोम आहे. डोयेच नाहीत हिले, तुले काय पाहून चावन?" आणि चिखलात फतकल मारून बसल्या. त्या दिवशी मला कळलं की या गोमींच्या पायांच्या जोड्या नेहमी विषमच असतात, सम कधीच नाही. "कोण मोजून देते हिले?" मी विचारलं. "तेच तर!" ताई ओरडल्या. "तेच तर मले समजून नाही राहिलं!" न समजल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग तीच गोम सानगडीला माझ्या आईच्या सांदवाडीत मिळाली. पुढच्या वर्षी लाखांदूरला, माझ्या बहिणीकडे. ताईंनी जिल्ह्याचा नकाशा भिंतीला लावला आणि त्यावर लाल टिकल्या चिकटवल्या... माझ्याच पाकिटातल्या. एक टिकली पार वर, एक पार खाली, एक मध्ये. "पाह्य, निर्मला! अख्ख्या जिल्ह्यात पसरली आहे हे. अन् कोणाच्या पुस्तकात नाही!" पोटाखालच्या बारीक छिद्रांची मांडणी ओळखीच्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हती. त्यांनी नमुने पुण्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवले आणि पोरीचा निकाल लागायचा असावा तशा फोनजवळ बसल्या.

उत्तर आलं ते पाणी ओतणारं. गोम वेगळी दिसते खरी, पण तिन्ही ठिकाणं घरामागच्या बागा. अशा गोमी रोपांच्या मातीतून कुठून कुठे जातात. जंगलात सापडली तर इथली म्हणू, नाहीतर परकी पाहुणी. ताई दिवसभर जेवल्या नाहीत. "परकी म्हणते तिले! आपल्या मातीत जन्मली ते परकी?" जणू त्यांच्याच लेकीचं स्थळ मोडलं होतं. खरं सांगते, मला त्या माणसाचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी मी भाजीसाठी कोचईची पानं कापत होते. ताई दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "तुयी कोचई कुठची वं?"

"आईनं दिलेली. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात."

"लाखांदूरची?"

"तीही आईचीच. आमच्यात पोरीला बेणं देतातच."

"धुऊन देते?"

"बेणं कोणी धुते काय ताई? मातीसकट द्यावं लागते, नाहीतर लागत नाही म्हणतात."

बापरे, काय तो आनंद! ताईंनी मला मिठी मारली, हातातली पानं खाली पडली. "अवं, मी गोमीचा नकाशा काढला समजत होती! हा तर तुमच्या घरच्या पोरी कुठं कुठं देल्या त्याचा नकाशा आहे! गोम चालत नाही आली, तुमच्यासंगं वरातीत आली!" चूक निघाली होती त्यांची, सगळ्या टिकल्या फुकट गेल्या होत्या, आणि बाई नाचत होत्या. कारण आता वाट दिसत होती. आईला बेणं तिच्या आईनं दिलेलं. म्हणजे माझं आजोळ, साकोलीपलीकडचं, जंगलाला लागून असलेलं. तिथे नाल्याच्या काठी रानकोचई माजते. गोम इथली असेल तर तिथे असणार.

पाऊस ओसरला की जायचं ठरलं. पाऊस ओसरला, पण ताईंचं हृदय साथ देईना. नागपूरच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली, तरी मला बघून पहिला प्रश्न, "गेली होती काय आजोळी?" मी म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हा, संगंच जाऊ. "मी काय मंत्री हावो, माह्यासाठी थांबाले? जमीन सुकली का ते खाली जाते..."

तेरवी झाल्यावर मी आजोळी गेले. नाल्यावर एकटी नाही, तिथल्या माझ्या मामींना घेऊन. मामी वाटभर पुटपुटत होत्या, "गोम शोधाले येते का कोणी? येडी झाली पोरगी." नाल्याकाठी, शेतांपासून चांगलं आत, सडलेल्या पाल्याखाली मी खुरपीनं माती उचलत राहिले. गांडुळं निघाली, मुंग्या निघाल्या, मला डसल्याही. कंबर मोडली. आणि मग... पिवळा दोरा! मी अशी ओरडले की मामी धापकन बसल्या. गोमीला घाबरणारी मी, हातात गोम धरून हसत होते आणि रडत होते.

डबीत चिठ्ठी घालून गोम पुण्याला पाठवली. तज्ज्ञांचा फोन परवा आला. तीच गोम. नाव ठेवायचं काम अजून बरंच चालेल, पण इथलीच आहे, परकी नाही. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "डबीतल्या चिठ्ठीवर शोधणाऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे. कुंदाताईंचं लिहायचं का? शोध त्यांचाच."

लिहा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण चिठ्ठीवर ज्यानं हातानं उचललं त्याचंच नाव, असा ताईंचा हट्ट. एकदा गड्यानं उचललेल्या किड्यावर मीच त्यांचं नाव लिहिलं, तर त्यांनी डबी माझ्यापुढे आपटली होती. "राहू द्या माझंच," मी म्हटलं.

ताई, तुमचं नाव लिहायची फार इच्छा होती हो. पण तुम्ही रागावल्या असत्या, अन् आता तुमचा राग घालवायला मी कुठं येऊ?