काचेमागचा नकाशा आणि दिघे सर

दिघे सर आज सकाळी गेले. नकाशावरची काच काल दुपारी निघाली.

पहिली बातमी सरांच्या मुलीने, गौरीने, फोनवर दिली. दुसरी सरांच्या विद्यार्थिनीने, सायलीने, कालच दिली होती.

या दोन गोष्टी उलट्या क्रमाने घडल्या नाहीत, याचं मला सकाळपासून हायसं वाटतंय. वाईट वाटतंय, तेही खरं. पण आधी हायसं.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

सर कर्वेनगरच्या एका कॉलेजात वर्कशॉप शिकवायचे. वारज्यात आमचे शेजारी. मी एका दैनिकात शिक्षणाच्या बातम्या करते.

दर टर्मला त्यांच्याकडे एक प्रोजेक्ट असायचा. कुठल्याही शाखेच्या मुलांनी यावं. ग्रुप मात्र सर पाडणार.

त्याआधी आठवडाभर ते कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसायचे आणि कोण कोणाबरोबर डबा खातं ते वहीत टिपायचे. एका डब्यातले दोघे एका ग्रुपमध्ये नाहीत.

मुलं वैतागायची. "सर, आमचं ट्यूनिंग चांगलं आहे."

"म्हणूनच. ट्यूनिंग झालेल्यांनी डबा खावा. इथे काम करायचंय."

दोन वर्षांपूर्वी असाच एक ग्रुप पडला. कर्वेनगरचाच आर्यन, इम्फाळहून आलेली लिंथोई, आणि बुलढाण्याची सायली, जिला जन्मापासून दिसत नाही.

तिघांनी कॅम्पसचा नकाशा करायचं ठरवलं. लाकडात कोरलेला. टेबलावर ठेवायचा आणि बोटांनी वाचायचा.

आर्यनने इमारतींची नावं मोठ्या अक्षरांत रंगवायला घेतली.

सायली म्हणाली, "कितीही मोठी काढ. मला काय फरक पडतो?"

लिंथोई तिच्या नव्या नव्या मराठीत म्हणाली, "सगळं मराठीत आहे. मग मला पण नाही दिसत."

शेवटी नावं मराठी, इंग्रजी आणि ब्रेलमध्ये आली. अंतरं सायलीच्या पावलांनी मोजली. आर्यनची टेप आणि तिची पावलं जुळेनात, तेव्हा सरांनी टेप ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

उद्घाटनाची बातमी मी केली.

फोटो तीन कॉलमांत बसत नव्हता, म्हणून उजवी कड कापली. उजव्या कडेला सायली होती.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "अहो, फोटो छान आलाय. पाहुणे, प्राचार्य, हार, सगळं आलं. ज्या हातासाठी नकाशा केला, तो हात तेवढा राहिला."

"जागा नव्हती, सर."

"हो ना. प्रश्न जागेचाच असतो."

बातमी वाचून नकाशा बघायला लोक यायला लागले. मग कुठलीशी कमिटी येणार होती. धूळ दिसायला नको, म्हणून कॉलेजने नकाशा टेबलावरून उचलून भिंतीवर लावला. वर काच. खाली पाटी: 'नकाशास हात लावू नये.'

पुण्यात पाट्यांचं कौतुक फार. या पाटीचं मला हसू आलं नाही. ती माझ्या बातमीतून निघाली होती.

सरांनी अर्ज केले. रिटायर झाले. पुन्हा अर्ज केले. मग आजार आला.

मी भेटायला गेले की त्यांची तब्येत विचारायचे. ते उलट विचारायचे, "काच?"

"अर्ज पुढे पाठवलाय म्हणतात."

"म्हणजे आहे तिथेच आहे." आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मागच्या आठवड्यात मी चार ओळींचं शुद्धिपत्र लिहून दिलं.

संपादक म्हणाले, "दोन वर्षांनी चूक दुरुस्ती?"

म्हटलं, "चूक अजून चालू आहे."

त्या ओळींत एवढंच होतं की नकाशा करणाऱ्यांपैकी सायलीचा फोटो आमच्याकडून कापला गेला. आणि ज्यांनी तो बोटांनी वाचायचा, त्यांना आज तो वाचता येत नाही, कारण वर काच आहे.

परवा ते छापून आलं. प्राचार्यांनी सायलीला बोलावलं. नवीन आहेत ते. त्यांना वाटत होतं, नकाशा शोभेसाठीच आहे.

काल दुपारी शिपाई कदममामांनी स्क्रू काढले आणि नकाशा परत टेबलावर आला. पाटी त्यांनी न विचारताच काढून टाकली.

सायलीने तिथूनच फोन लावला. गौरीने स्पीकर सुरू केला. मी खाटेपाशी उभी होते.

"सर, हात लावलाय."

सरांना बोलताना दम लागत होता. "लायब्ररी?"

"आहे. पुढे जिना, सतरा पायऱ्या. पण सर, कॅन्टीन मागच्या बाजूला हलवलंय. नकाशा चुकीचा झालाय."

माझ्या मनात आलं, हिने हे आत्ता सांगायला नको होतं.

सर हसले. महिन्याभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मग करा की."

नंतर दोन चमचे पेज घेतली आणि झोपले. गौरी म्हणाली, सकाळपर्यंत एकदाही कण्हले नाहीत.

सोमवारी वर्कशॉप उघडेल. नवा ग्रुप नकाशा दुरुस्त करायला घेईल, सुरुवात कॅन्टीनपासून.

ग्रुप पाडायचं काम प्राचार्यांनी सायलीला दिलंय. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारपर्यंत रोज दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसणार आहे. कोण कोणाबरोबर डबा खातं, ते तिला आवाजावरून कळतं.

करतायत, सर. तुम्ही निवांत जा.