आधी उन्हात चल

चाचांनी मला उभं केलं, हे आधी लिहिते. काय झालं ते मागून.

बारामतीच्या एस.टी. स्टँडमागे, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल आणि लॅपटॉप. तुम्ही त्या बाजूने गेला असाल तर त्यांना पाहिलंच असेल. कपाळावर चष्मा, हातात उघडा लॅपटॉप आणि गिऱ्हाइकाला भर रस्त्यात ओढत नेणारा म्हातारा. "आधी उन्हात चल. भावाचं मागून बोलू."

मी किनवटकडची. नववीत शाळा सुटली. नवऱ्याला भवानीनगरच्या बाजूला ट्रॅक्टरवर काम लागलं, त्याच्यामागे मी आले. दोन वर्षं लोकांच्या उसात खुरपलं. मग तिथल्या सेवा केंद्राचा मालक म्हणाला, "मोबाईलवर फॉर्म भरतेस ना? स्वतःचा लॅपटॉप आण. वस्त्यांवर, शेतावर जाऊन अर्ज भरायचं काम तुझं. सोमवारपर्यंत बघ, नाहीतर मी दुसरी बघतो." चुकीचा घेतला तर परत खुरपंच.

बारामतीच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसाने आधी माझ्या चपला पाहिल्या.

"मिस्टर आलेत का बरोबर?"

"नाही."

"शिक्षण किती?"

लॅपटॉप विकत घ्यायला शिक्षण लागतं हे मला माहीत नव्हतं. नववी म्हटलं, तर तो हसला. ते हसणं आठवलं की आजही कानशिलं तापतात. पैसे रोख आहेत हे कळल्यावर मात्र त्याची "ताई, ताई" सुरू झाली. त्याने एक थोराड, आरशासारखा चकचकीत लॅपटॉप पुढे केला. त्यावर रंगीत गाड्या पळत होत्या. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला. जरा वेळाने येते म्हणाले आणि त्याने दिलेला माहितीचा कागद घेऊन बाहेर पडले.

चाचांकडे गेले ते मोबाईलच्या चार्जरची तुटलेली वायर जोडून घ्यायला. कागद दाखवून सहज विचारलं, "चाचा, हा चांगला आहे का?"

"काम काय करणार?"

"शेतात जाऊन फॉर्म भरणार."

"आन् हा तुला दावला कुणी?"

मी सगळं सांगितलं, नववीसकट. चाचांनी चार्जर बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला. दुकान तसंच उघडं टाकून ते माझ्यापुढे चालू लागले. शोरूममध्ये शिरून त्यांनी तोच लॅपटॉप उचलला आणि थेट दाराकडे निघाले.

"ओ चाचा! माल घेऊन कुठं चाललाय?"

"उन्हात. ही पोरगी काय तुझ्या एसीत बसून फार्म भरणार हाय व्हय?"

भर दुपार. फुटपाथवर चाचांनी तो लॅपटॉप त्या माणसाच्या तोंडासमोर धरला. गाड्या गायब. दिसत होतं ते फक्त त्याचं स्वतःचं तोंड, भांगासकट.

"फोटो झकास आलाय तुझा. आता हिचा अर्ज कुठं हाय त्यात, तेवढा दाखव."

समोरच्या चहावाल्याकडची माणसं हसायला लागली. शोरूमवाल्याने पडद्याचा उजेड पार वाढवला, तरी त्यातलं तोंड काही जाईना. चाचा म्हणाले, "शिक्षण इचारतोस तिला? मी चौथी हाय. खोलून दाखवू का तुझी मशीन?"

मग दुकानात परत आणून चाचांनी मला त्यांच्याकडचा लॅपटॉप दाखवला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, छोटा, काळा. पडदा पाटीसारखा, चमक अजिबात नाही. बॅटरी त्यांनी नवी घातली. उन्हात तर नेलाच, वर तो माझ्या पिशवीत घालून म्हणाले, "स्टँडला दोन फेऱ्या मारून ये." मारल्या. लोक बघत होते.

"खांदा दुखला?"

"नाही."

"मांडी घालून बस पायरीवर. बसतोय मांडीत? आता माझ्याकडं फिरव. ज्याचा अर्ज, त्याला दिसला पायजे, पोरी. न्हायतर तू बी त्या शोरूमवाल्यातलीच."

तोच घेतला. सोमवारी डाळज गावात त्यावर पहिला अर्ज भरला, एका तात्यांचा, बांधावर बसून. भरून झाल्यावर लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. तात्या वाकून बघत राहिले, मग ओरडलेच, "अगं, गट नंबर दुसऱ्याच कुणाचा टाकलास की! माझा न्हाय ह्यो!" चुकीचाच टाकला होता मी. तो अर्ज तसाच गेला असता तर माझं काम तिथेच संपलं असतं. तात्या मात्र खूश. "मला आजवर कुणी माझा कागुद दावलाच न्हवता."

आता खरा संताप येतो ते सांगते. गेल्या वर्षी चाचा स्वतःच्या म्हातारपणाच्या पेन्शनसाठी एका केंद्रावर गेले. यंत्रावर अंगठा उमटेना. चाळीस वर्षं तापल्या कथिलाने तारांना डाग देऊन देऊन बोटं गुळगुळीत झालेली, उमटणार काय? तिथला पोरगा पडदा स्वतःकडेच ठेवून म्हणाला, "तुमची ओळख पटत नाही. पुढच्या महिन्यात या." तीन वेळा असंच. अख्खी बारामती ज्यांना ओळखते, त्यांची ओळख पटत नाही! मला त्यांनी हे सांगितलंसुद्धा नाही. गिरणीवाल्याकडून कळलं, तोवर चाचांची नजर गेली होती आणि त्यांची लेक त्यांना अकलूजला घेऊन गेली होती. दुकानाचं शटर खाली. पायरी तेवढी आहे.

मी चौकशी केलीय. अंगठा उमटत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत, त्या पोराने सांगायला हव्या होत्या. चाचा, मी अकलूजला येणार. कधी जमेल ते आज सांगता येत नाही, पण येणार. तुमचाच लॅपटॉप घेऊन. तुम्हाला अंगणात उन्हात बसवीन, पडदा तुमच्याकडे फिरवीन. दिसणार नाही तुम्हाला, म्हणून एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवीन, आणि तुम्ही "व्हय" म्हटल्याशिवाय पुढची ओळ भरणार नाही.