एकदाच शिकवलेलं पाणी

पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, मी आणि मॅडम. मॅडम वाक्यामागे "सांगा बरं" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागतात. पूर्वी परतीच्या एसटीत आम्ही दोघंही इतके गाढ झोपायचो, की कंडक्टरला उठवावं लागायचं.

यंदा मॅडमनी सगळी पुस्तकं शेजारी-शेजारी उघडली. "पाणी परिसर अभ्यासात हाये, गणितात हाये, मराठीतही हाये. मंग तीनदा कायले शिकवाचं, सांगा बरं?"

पोरांना हातपंपावर नेलं. बादल्या मोजून गणित झालं, पाणी खालून वर कसं येतं ते झालं, कविताही तिथंच झाली. उरलेल्या वेळात लंगडी सुरू झाली. आता एसटीत मॅडम गाणी गुणगुणतात.

परवा साहेब अचानक तपासणीला आले, तेव्हा मॅडम पदर खोचून एका पायावर होत्या.

"अभ्यासक्रम कुठवर आला?" साहेबांचा आवाज चढलेला.

मॅडम लंगडी घालतच आल्या आणि त्यांनी साहेबांच्या हातातल्या फायलीला हात लावला. "साहेब, तुम्ही आउट झाले. तिकडे पोरायजवळ बसा अन् त्यायलेच इचारा."

साहेब बसले. पोरांनी पाणी सांगायला घेतलं, ते संपेचना. थोड्या वेळानं पाहिलं, तर साहेब बूट काढून पुढच्या डावाची वाट बघत होते.