तेल पाजलेल्या सळया

लातूर जिल्हा झाला आणि इथल्या प्रत्येक दीडशहाण्याला बांधकाम कळायला लागलं. नव्या कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, पत्रे उतरवून स्लॅब टाकायची टूम निघाली. आमच्या घरात त्या टुमेचे पुढारी होते माझे चुलते. वडील वारलेले, म्हणून आईच्या खोलीवर स्लॅब टाकायचं काम काकांनी देवणीकडच्या गावाहून येऊन आपण होऊन अंगावर घेतलं. त्यांच्या बैलजोडीचं तिकडं नाव होतं. बैल पारखणाऱ्याला लोखंड काय अवघड, असा त्यांचा समज.

मी नांदेडहून डिप्लोमा करून नुकताच परतलो होतो. खोली मोजून मी टॉर सळई ठरवली, अंगाला पीळ दिलेली. काकांनी दुकानात एक सळई उचलली, नखानं खरवडली आणि चार माणसांदेखत म्हणाले, "इंजिनेर, ही तर मोडीतली हाय. कुणीतरी वाकवून सरळ केलीय, पीळ दिसायलाय की! आपल्याला गुळगुळीत पायजे, चार सुताची. जाड म्हंजी जाड."

जाड म्हंजी जाड! एवढं शास्त्र त्यांना जन्मभर पुरलं. सिमेंटनं सळईला घट्ट धरावं म्हणून तो पीळ असतो, हे मी सांगितलं. दुकानदार हसला, काकाही हसले. शेवटी आई मध्ये पडली. "पोरगं शिकून आलंय, भावजी. त्याच्या मनानं होऊ द्या." सळई माझीच आली. काकांचं तेव्हाचं पडलेलं तोंड मी अजून चवीनं आठवतो.

त्या वर्षी पाऊस नव्हता. सळया बांधून तयार, पण टँकरवाला आज-उद्या करत महिना गेला. मध्येच एक चुकार सर आली आणि सळयांवर तांबूस झाक चढली. तेवढ्या गंजानं काही बिघडत नाही. पण हे त्या घरात कुणाला सांगणार?

टँकर आला त्या सकाळी मी सेंट्रिंगवर चढलो, तर सळया चमकत होत्या. काका हातात फडकं घेऊन उभे, शेजारी आईचा तेलाचा डबा रिकामा. पोळ्याला बैलांच्या शिंगांना चोळतात तसं त्यांनी एकेका सळईला करडीचं तेल चोळलं होतं.

"बघ, कशी तुकतुकीत केली! गंज लई वंगाळ."

तेल लागलं की सिमेंटची पकड गेली, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. सळया रॉकेलनं पुसायच्या तर अख्खा दिवस जाणार, आणि टँकर पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही. खाली मिस्त्रीनं माल कालवायला घेतला होता. आईनं अंगणातून विचारलं, "समदं ठीक हाय का रं?"

"हाव," मी म्हणालो.

स्लॅब पडला नाही. वर्षभरात मधोमध भेग मात्र आली. काका तिला मरेपर्यंत इंजिनेरची भेग म्हणत होते. असला अडाणी, आणि वर तोंड करून बोलणारा! न राहवून मी एकदा आईला तेलाची सगळी हकीकत सांगितली, काकांना यथेच्छ शिव्या देत.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना ठावं नव्हतं. तुला ठावं होतं, अन् तू मला हाव म्हणालास."

तेव्हापासून ती शेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपते. मी घरी गेलो की माझं अंथरूण ती स्वतःच्या हातानं स्लॅबच्या खोलीत घालते, बरोबर भेगेखाली.