मान सुटली तेव्हा

मी नऊ वर्षांची असताना भाजले. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षीच्या थंडीत. ठाण्याला नौपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा कलेक्टर कचेरीत कारकून. त्या सकाळी आई मागच्या दारी धुणं धूत होती आणि मी शेगडीवरचं दूध उतरवायला वाकले. फ्रॉकची झालर निखाऱ्याला लागली. मी ओरडले नाही म्हणे. वास आला म्हणून आई आत धावली. हाताशी काही नव्हतं, तेव्हा तिनं माझ्या छातीवरची आग उघड्या हातांनीच चोळून विझवली.

दवाखान्यात तीन महिने होते. गळ्यापासून छातीपर्यंत सगळं उघडं मांस. मान ताणली की जीव जायचा, म्हणून आईनं घरून दोन उशा आणून माझ्या डोक्याखाली दिल्या. तशी मान पुढं झुकवून पडलं की बरं वाटायचं. जखमा भरत आल्या तशी कातडी आखडत गेली, आणि घरी आले तेव्हा हनुवटी छातीला येऊन टेकली होती. तिथून ती आठ वर्षं हलली नाही.

लोकांना वाटतं, अशा माणसाला सारखं रडू येत असेल. मला तसं आठवत नाही. मला जमीन आठवते. शाळेच्या वाटेवरचे दगड, वर्गातल्या फरशीचा एक तुटलेला कोपरा. फळा बघायचा तर बाकावर मागं रेलून अर्धं आडवं व्हावं लागायचं; बाईंनी मला शेवटच्या बाकावर भिंतीशी बसवलं होतं, म्हणजे टेकता येईल. खालचा ओठ ओढला गेला होता, तोंड नीट मिटत नसे. पाणी पिताना निम्मं सांडायचं. त्यामुळे मी शाळेत पाणी पीत नसे, आणि कुणाच्या घरी गेले तर तहान नाही म्हणून सांगायचे. याची इतकी सवय झाली की खरंच तहान लागेनाशी झाली.

आईचे दोन्ही तळवे भाजले होते. डावा बरा झाला. उजव्या हाताची शेवटची तीन बोटं तळव्यात मिटून राहिली. ती अंगठा आणि पहिलं बोट यांवर सगळा संसार रेटायची. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. माझ्याबद्दलही नाही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी बाबांना बोलावून घेतलं. नौपाड्यातच त्यांचा दवाखाना होता. ते म्हणाले, "मुंबईला एक सर्जन आलेत, लढाईत भाजलेल्या सोल्जरांची तोंडं दुरुस्त करून आलेत. प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात. दाखवून तर या."

दोन दिवसांत ही बातमी चाळभर झाली. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "प्लॅस्टिकची कातडी लावतात म्हणे. उन्हात वितळायची नाही ना हो?" त्या चेष्टा करत नव्हत्या. तेव्हा प्लॅस्टिक म्हणजे आम्हाला कंगवे आणि बांगड्या एवढंच ठाऊक. आई म्हणाली, "विचारून येतो."

विचारायचं ते बाबांनी लिहून काढलं. कचेरीच्या सवयीनं अनुक्रमांक घालून, कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागं, टाकानं. इस्पितळात बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो आणि तो कागद त्यांच्या मांडीवर उघडा होता. माझी नजर खालीच असल्यामुळे मला तो आपोआप वाचता येत होता. सात प्रश्न होते. सातवा त्यांनी लिहून खोडला होता, पण खालची अक्षरं दिसत होती: मुलगी पूर्वीसारखी दिसेल काय.

सर्जन उंच असावेत. मला त्यांचे बूट दिसले, मग ते गुडघ्यावर खाली बसले आणि चेहरा दिसला. मला बघायला खाली बसलेला हा पहिलाच माणूस. त्यांनी माझ्या गळ्यावरून अंगठा फिरवला, तोंड किती उघडतं ते बघितलं. मग बाबांना म्हणाले, "हं. विचारा."

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "एक. जिवाला धोका आहे काय?"

"थोडा आहे. मान वाकलेली असल्यामुळे भूल देणं अवघड. श्वासाची नळी आत जात नाही. म्हणून आधी नुसती जागा बधिर करून हा आखडलेल्या कातडीचा पट्टा कापायचा, मान सुटली की मग भूल द्यायची. तोवर ही जागी असेल."

"दोन. कातडी कोठून घेणार?"

"मांडीची."

"तीन." बाबांनी कागद खाली घेतला. "वडिलांची चालेल काय?"

सर्जन हसले नाहीत. "चालली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "दुसऱ्याची कातडी टिकत नाही. पंधरा दिवस धरते, मग गळून पडते. आईबापांची असली तरी."

बाबांनी त्या ओळीपुढं खूण केली. बाकीचे प्रश्न भराभर झाले. डाग राहतील काय? राहतील, कातडीचा रंगही वेगळा दिसेल, ठिगळ दिसतं तसा. पुन्हा आखडेल काय? आखडायला बघेल, सहा महिने गळ्याला पट्टा बांधून ठेवावा लागेल, उन्हात जायचं नाही, रोज तेल चोळायचं. इस्पितळात किती दिवस? महिना धरून चाला.

"आणि तो सातवा?" कागदाकडे बघत सर्जननी विचारलं.

"तो राहू द्या," बाबा म्हणाले.

मग सर्जन माझ्याकडे वळले. "तुला काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "पाणी सांडायचं थांबेल का?"

"थांबेल," ते म्हणाले. एवढंच.

उठता उठता त्यांनी सहज, डॉक्टर लोक बोलतात तसं सांगितलं, "भाजलेल्या गळ्याला उशी द्यायची नसते खरं म्हणजे. मान ताठ ठेवायची. तेव्हा उशी दिली नसती तर इतकं आखडलं नसतं." त्यांना ठाऊक नव्हतं उशा कुणी आणल्या ते. आईनं उजवा हात पदराखाली घेतला, आणि त्या हालचालीनंच त्यांचं लक्ष तिकडं गेलं.

"बघू तो हात. हाही होईल की. वेळ गेलाय, पण थोडं होईल."

"मला नको," आई म्हणाली. "हिचं करा."

ऑपरेशनच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं, खांद्यांखाली वळकटी. गळ्यात पाच-सहा सुया टोचल्या. त्या दुखल्या. मग गळा जाड झाला, आणि मग माझा उरलाच नाही. सर्जन मधूनमधून विचारत होते, "दुखतंय?" मी नाही म्हणत होते. दुखत नव्हतं. ओढल्यासारखं वाटत होतं, आणि जाड कापड कात्रीनं कापताना येतो तसा आवाज येत होता, तो आपल्याच अंगातून येतोय हे कळत होतं. मी घाबरले नव्हते. मी वाट बघत होते, दुकानात उभं राहावं तशी. एकाएकी डोकं मागं गेलं. कुणी ढकललं नाही, ते आपलं आपण गेलं. वर एक मोठा दिवा होता. त्यानंतर तोंडावर भुलीचं मुसकं आलं.

पुढचे आठ दिवस उताणी, डोकं मागं लटकतं, गळ्याला पट्ट्या. छताशिवाय काही दिसत नव्हतं. गळा दुखत नव्हता, मांडीची मात्र आग आग व्हायची. जिथून कातडी काढली तिथंच जास्त दुखतं, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि बाबांच्या यादीतही नव्हतं. नवव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. कातडी धरली होती. नर्सनं मला उठवून बसवलं आणि ग्लास हातात दिला. मी पाणी प्यायले. सांडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी अजून एक ग्लास प्यायले.

आई समोर उभी होती. तिचा चेहरा मी आठ वर्षांत असा समोरून बघितलाच नव्हता. बघितला तो जेवताना तिरका, नाहीतर निजल्यावर. ती माझ्या मनात होती त्यापेक्षा खूपच म्हातारी होती. समोरचे केस पांढरे झाले होते. ती रडायला लागली. मलाही रडू यावं म्हणून मी थांबले. आलं नाही.

घरी आल्यावर लोक येऊन बघून जात. त्यांचे प्रश्न तेच असत. दुखलं का? हात लावला तर कळतं का? मी सांगायची, दाबलेलं कळतं, पण ऊन-गार कळत नाही. काकूंनी बोट लावून बघितलं आणि त्या खूश झाल्या. "आपलीच आहे हो कातडी," त्या आईला म्हणाल्या. आरशात मी रोज बघायची. ताठ मान, गळ्यावर काळपट चौकोनी ठिगळ, कडेला शिवणीचे वळ. पूर्वीसारखी म्हणजे कशी ते मला आठवत नव्हतं, त्यामुळे बाबांच्या सातव्या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नसतं. पट्टा सहा महिने बांधला. तेल आई लावायची, चांगल्या हातानं.

दीड वर्षानं डोंबिवलीहून एक मंडळी मला बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि मावशी. मध्यस्थानं सगळं आधी सांगितलं होतं, तरी त्यांनी गळा बघितला. मुलगा खिडकीकडे बघत होता. पोहे झाले, आणि मग मावशींनी आवाज खाली आणून आईला विचारलं, "एक विचारू का, रागावू नका. हे पुढं मुलांना उतरायचं नाही ना?"

आई उठली. मला वाटलं आत जाईल. तिनं पदराखालून उजवा हात काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "हिला विझवताना भाजलाय. त्याच्यानंतर मला दोन मुलं झाली. दोघांचे हात बघा. ए, इकडं या रे." माझे धाकटे भाऊ आले आणि त्यांनी हात पुढं केले. "उतरलंय का काही?"

मावशी म्हणाल्या, "तसं नव्हे हो."

"मग कसं?"

बाबा म्हणाले, "अगं, बस." आई बसली. हात तिनं मांडीवर उघडाच ठेवला. मंडळी थोड्या वेळानं उठली. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जमत नाही. मला वाईट वाटलं असणार. मी त्या दिवशी काय केलं म्हणून आठवायला गेले तर तांदूळ निवडलेले आठवतात.

त्यानंतर एका दुपारी आई म्हणाली, "त्या डॉक्टरांकडे माझं नाव घालता येईल का ग?" का, ते मी विचारलं नाही.

बाबांनी पुन्हा यादी करायला घेतली, तर ती म्हणाली, "माझं मी विचारीन." सर्जननी हात फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, "तेव्हाच केलं असतं तर तिन्ही सुटली असती. आता सांधे धरलेत. एखाद-दोन सुटतील. शब्द देत नाही." तिनं एकच विचारलं, "घरचं काम किती दिवसांनी?" दोन महिने, ते म्हणाले.

ऑपरेशनच्या सकाळी मी तिच्या कॉटशी बसले होते. वॉर्ड तोच होता. ती म्हणाली, "बधिर करतात म्हणजे नक्की काय होतं?"

"ओढल्यासारखं वाटतं. दुखत नाही."

"आणि मग?"

"मग दुखतं. मांडी जास्त."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तू एवढं सगळं जागेपणी सोसलंस, आणि मी बाहेर बाकावर बसून होते." मी म्हटलं, "मला काहीच दुखत नव्हतं ग." हे खरं होतं. तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. मला आणखी काही बोलायचं होतं, उशांबद्दल. पण तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

दोन बोटं सुटली. करंगळी तशीच राहिली. दोन महिने स्वयंपाक मी केला. पुढं ती चिंध्यांचा चेंडू करून दाराशी बसायची आणि तो दाबायची, सर्जननी सांगितलं होतं तसा, सकाळी शंभर आणि संध्याकाळी शंभर. येणारे-जाणारे विचारायचे. ती हात पुढं करून दाखवायची.

"दुखतं का हो?" काकूंनी एकदा विचारलं.

"हो तर," आई म्हणाली. "खूप दुखतं." आणि तिनं चेंडू पुन्हा दाबला.